पाउंडाला 'एल-बी' कशाला?

बर्मिंगहॅमच्या बुल रिंग बाजारात भाजीवाले ओरडत असतात, "पाउंड अ बोल!" वाडगाभर टोमॅटो, एक पाउंड. हा पाउंड पैशांचा. वजनाचा पाउंड वेगळा, आणि तो पाटीवर लिहितात 'एल-बी'. इंग्रजी पाउंडाच्या स्पेलिंगमध्ये ना एल, ना बी! नवीन होते तेव्हा मला वाटलं, कुठल्या कंपनीचं नाव असेल.

लेक झाली तेव्हा शेजारच्या आजीबाईंनी वजन विचारलं. मी म्हटलं, तीन किलो तीनशे. त्यांना काही बोध होईना. मनात हिशेब करून म्हणाल्या, "म्हणजे सात पाउंड चार औंस!" मग कुठे चेहरा खुलला. त्या दिवशी मी एल-बीचा छडा लावायचं ठरवलं.

लॅटिनमध्ये लिब्रा म्हणजे तराजू. इंग्रजी राशिभविष्यात आपली तूळ रास असते, तीच. रोमन लोकांच्या वजनालाही लिब्राच म्हणत. ते साधारण ३२७ ग्रॅमचं. आजचा पाउंड ४५४ ग्रॅमच्या आसपास. पूर्ण शब्दप्रयोग 'लिब्रा पोंडो', म्हणजे वजनाने एक लिब्रा. बोलण्यात शेपूट टिकलं, पोंडोचा पाउंड झाला. लिहिण्यात डोकं टिकलं, लिब्राचं एल-बी. पैशांच्या पाउंडाचं चिन्ह नीट बघा, आडवी रेघ मारलेला एल आहे तो. पूर्वी पाउंडभर चांदीतून २४० पेनी पाडत, म्हणून वजनाचं नाव पैशाला चिकटलं. लिब्राच्या बाराव्या भागाला उंकिया म्हणत. औंस त्यातूनच आला, आणि फुटाचा बारावा भाग म्हणून इंचसुद्धा!

पेनी मात्र लिहायचे 'डी', रोमन दिनारियस नाण्यावरून. हाच दिनारियस व्यापारातून आपल्याकडेही पोचला. संस्कृतातला दीनार तो हाच; गुप्तांच्या सोन्याच्या नाण्यांना दीनार म्हणत.

१५ फेब्रुवारी १९७१ ला हा 'डी' गेला. बारा पेनींचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पाउंड हा हिशेब संपला आणि पाउंडाचे शंभर पेन्स झाले. नाण्यांवर 'न्यू पेन्स' छापलं होतं, असं आजीबाई सांगत होत्या. मला हसू आलं. आपल्याकडे १९५७ मध्ये आणे-पै जाऊन 'नये पैसे' आले होते, आणि माझी आजी शेवटपर्यंत भाजीवाल्याशी आण्यांतच घासाघीस करायची.