लोहार, कोवाल, कुझनेत्स

मागच्या दिवाळीनंतर पुण्याहून भाच्याचा फोन आला. "आत्या, पोलंडमध्ये आपला भाऊबंद निघाला!" त्याच्या ऑफिसात पोलंडच्या मंडळींबरोबर रोज व्हिडिओ कॉल असतो. पलीकडच्या एकाचं आडनाव कोवाल्स्की. त्यानं सहज विचारलं, तुझं आडनाव लोहार, म्हणजे काय? ह्यानं सांगितलं, लोखंड घडवणारा. तो हसून म्हणाला, आमच्याकडे लोहाराला 'कोवाल' म्हणतात, म्हणजे तुझं माझं आडनाव एकच.

मी अमळनेरला अकरावी-बारावीला गणित शिकवते. माहेर पारोळ्याकडचं, बोरी नदीच्या काठचं. माहेरचं आडनाव लोहार, सासरचंही लोहारच. लग्नात माझं फक्त मधलं नाव बदललं. त्या मधल्या नावासाठीही एका कार्यालयात मला तीन खेपा घालाव्या लागल्या होत्या. पदवीवर वडिलांचं नाव, सेवापुस्तकात नवऱ्याचं, आणि दोन्ही बाया एकच आहेत याचं प्रतिज्ञापत्र द्या म्हणे. तेव्हापासून नाव या गोष्टीकडे माझं जरा जास्तच लक्ष असतं. भाच्याचा फोन ठेवला आणि त्या रात्री कोवाल शोधायला बसले.

रशियन, पोलिश वगैरे भाषांची जी आई, त्या जुन्या स्लाव भाषेत 'कोवाति' म्हणजे ठोकणं, ठोकून घडवणं. त्यावरून पोलंड आणि युक्रेनमध्ये 'कोवाल', क्रोएशिया, सर्बिया, स्लोव्हेनिया, स्लोव्हाकिया इकडे 'कोवाच', चेक भाषेत 'कोवार्झ'. रशियन लोकांनी त्याच मूळ शब्दाची दुसरी फांदी धरली, 'कुझनेत्स'. म्हणून रशियात कुझनेत्सोव, आणि ते तिथल्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या आडनावांपैकी एक. कोवालेन्को, कोवालचुक, कोवाचेविच ही सगळी 'लोहाराचा पोरगा' याच अर्थाची. हंगेरीची भाषा स्लाव नाही, तरी शेजाऱ्यांकडून शब्द उचलून तिथेही कोवाच झाले आणि घरोघर पसरले. हंगेरीत आडनाव आधी लिहितात, नाव नंतर, अगदी आपल्या शाळेच्या दाखल्यावर असतं तसं.

कोवाल्स्कीतला '-स्की' मात्र मला सगळ्यात आवडला. तो आपल्या '-कर'सारखा आहे. मुळात तो गावाच्या नावाला लागायचा, आणि आधी जमीनदार घराण्यांत. कोवाले, कोवालेवो अशा नावाची गावं पोलंडमध्ये बरीच आहेत, त्यांचे मालक ते कोवाल्स्की. साध्या लोहारांच्या नावाला ही शेपटी नंतर लागली. म्हणजे भाच्याच्या त्या सोबत्याचा पणजोबा ऐरणीवर बसलेला असेल किंवा नसेलही. हे ऐकून भाचा हिरमुसला. मी म्हटलं, अरे, त्या गावाला नाव कोणामुळे पडलं? लोहारामुळेच ना! आता तर पोलंडमध्ये यान कोवाल्स्की म्हणजे आपला कोणीही सर्वसाधारण माणूस, फॉर्म कसा भरायचा ते दाखवताना नमुन्याला घालतात ते नाव.

इंग्रजांचे स्मिथ, जर्मनांचे श्मिट, इटलीचे फेरारी, अरबांचे हद्दाद, सगळे लोहारच. एवढे लोहार जगात का? माझं उत्तर असं. गावात शंभर घरं शेतकऱ्यांची, तर 'शेतकरी' म्हणून हाक मारली तर कोण ओ देणार? लोहार मात्र गावात एखादाच. त्याला धंद्याच्या नावानं हाक मारली की माणूस नेमका सापडतो. आमच्या गावात एवढ्या वस्तीत पाटील किती ते मोजता येणार नाहीत, पण 'लोहारकडे जाय' म्हटलं की ते आमचंच घर.

आजोबांची भट्टी मी चौथी-पाचवीत असेपर्यंत पेटती होती. पेरणीआधी वखराच्या पासा, नांगराचे फाळ, कोळपी, विळे यांचा ढीग लागायचा. मोबदला बहुतेक धान्यात, सुगीला घरी दादरची, म्हणजे ज्वारीची, पोती यायची. पण मला खरं आठवतं ते गाडीच्या चाकाला धाव चढवणं. आजोबा सुतळीनं लाकडी चाकाचा घेर मोजायचे आणि लोखंडी पट्टी त्याहून बोटभर कमी ठेवून तिचं कडं करायचे. मग जमिनीवर गोवऱ्यांचं वर्तुळ रचून त्यात ते कडं लालभडक होईस्तोवर तापवायचं. तिघं-चौघं सांडशीनं उचलून ते चाकावर बसवत, लाकडातून भसकन धूर निघे, लगेच घागरीनं पाणी, आणि कडं आवळताना चाकाचे सगळे सांधे कडकड वाजत. मी हातोड्यांकडे बघत राहायचे. आजोबा म्हणायचे, "हातोडाकडे नही, लोखंडकडे देख."

पुढे एमएस्सी करताना मी एकदा हिशेब मांडला. साडेचार मीटर घेराची पट्टी 600 अंशांनी तापली तर 3 सेंटिमीटरहून थोडी जास्त वाढते. आजोबांचं बोट बरोबर होतं.

आता आडनाववाल्यांकडे येते. स्लोव्हाकिया 1993 मध्ये वेगळा देश झाला, त्याचे पहिले राष्ट्राध्यक्ष मिखाल कोवाच. फुटबॉलचा नाद असलेल्या मुलांना निको कोवाच ठाऊक असतो, क्रोएशियाकडून खेळलेला आणि पुढे बायर्न म्युनिकचा प्रशिक्षक झालेला. स्वेतलाना कुझनेत्सोवानं 2004 ची अमेरिकन ओपन जिंकली. पोलंडची संत फाउस्तिना, मूळची हेलेना कोवाल्स्का, तिला 2000 मध्ये संतपद मिळालं. बायकांच्या आडनावांची शेपटी बदललेली दिसली ना? कोवाल्स्कीची मुलगी किंवा बायको कोवाल्स्का, कुझनेत्सोवची कुझनेत्सोवा, कोवाचची स्लोव्हाकियात कोवाचोवा. आडनावातच लिहिलेलं असतं की ही बाई आहे.

दोघांपाशी मात्र मी अडकले.

पहिला सायमन कुझनेट्स. आज बेलारूसमध्ये असलेल्या पिन्स्क गावात 1901 मध्ये एका ज्यू घरात जन्मला, 1922 मध्ये अमेरिकेत गेला. महामंदीत देशाची मिळकत नेमकी किती बुडाली हे कोणाला सांगता येत नव्हतं. त्यानं 1929 ते 1932 या वर्षांचा हिशेब मांडून 1934 मध्ये तिथल्या संसदेला दिला. आज बातम्यांत जीडीपी, जीडीपी म्हणतात त्या मोजणीचा पाया तिथला. 1971 मध्ये त्याला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मला भावलं ते हे, की त्यानं आपल्या आकड्यात काय येत नाही तेही त्याच अहवालात सांगितलं. घरात बायका करतात ते बिनपगारी काम या हिशेबात धरलेलं नाही, आणि नुसत्या राष्ट्रीय उत्पन्नावरून लोकांचं बरं चाललंय असं समजू नका, असं त्यानं तेव्हाच बजावलं होतं.

हे वाचताना मला माझी आजी दिसली. भट्टीचा भाता आजी ओढायची. सकाळी भाकरी थापून झाल्या की येऊन बसायची, एका हातानं भात्याची दोरी, मांडीवर माझा धाकटा काका. मोठा फाळ असला की उठून घणही तीच घालायची, आजोबा नुसतं लहान हातोड्यानं टकटक करून जागा दाखवायचे. दादरची पोती आली की लोक म्हणायचे, लोहारबाबाचं बलुतं. आजीचं नाव त्यात कधी आलं नाही.

दुसरी सोफिया कोवालेव्हस्काया. माझ्या विषयातली, म्हणून तिच्यावर जीव जास्त. 1850 मध्ये मॉस्कोत जन्मली. खेड्यातल्या वाड्यात भिंतींना कागद लावायचा होता, तो मुलांच्या खोलीला पुरला नाही. म्हणून तिथं वडिलांच्या तरुणपणीची कलनशास्त्राच्या व्याख्यानांची पानं चिकटवली. ही पोरगी तासन् तास त्या भिंतीसमोर उभी राहून न कळणारी सूत्रं बघत असे. मोठी झाल्यावर शिकायचं ठरवलं, तर रशियात मुलींना विद्यापीठ बंद, आणि बापाच्या किंवा नवऱ्याच्या परवानगीशिवाय परदेशी जाता येईना. तेव्हा 1868 मध्ये तिनं व्लादिमीर कोवालेव्हस्की नावाच्या तरुणाशी कागदोपत्री लग्न केलं, केवळ सीमा ओलांडण्यासाठी. लोहाराचं हे आडनाव असं तिच्याकडे आलं. पुढे ते लग्न खरंही झालं, एक मुलगी झाली, आणि 1883 मध्ये नवऱ्यानं आत्महत्या केली.

बर्लिनच्या विद्यापीठानं तिला वर्गात बसू दिलं नाही, म्हणून तिथले नामवंत गणिती वायरश्ट्रास यांनी तिला घरी शिकवलं. 1874 मध्ये ग्योटिंगेननं तिला डॉक्टरेट दिली. 1888 मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीच्या स्पर्धेत निबंधावर नाव लिहायचं नव्हतं, ओळखीसाठी नुसतं एक वचन लिहायचं, नाव बंद पाकिटात. तिचा निबंध इतका उजवा ठरला, की बक्षिसाची रक्कम 3000 फ्रँकवरून 5000 केली. पाकीट उघडलं, तर आत बाईचं नाव. 1889 मध्ये ती स्टॉकहोमला कायमची प्राध्यापक झाली, आणि 1891 मध्ये, 41 व्या वर्षी, न्यूमोनियानं गेली.

त्या निबंधाचा विषय होता भोवरा. एका बिंदूवर टेकून फिरणारी घन वस्तू कशी हलेल, हे गणितात पुरतं सोडवता येतं अशा मोजक्याच जाती आहेत. पहिली ऑयलर या गणितज्ञाची. दुसरी लाग्रांज या गणितज्ञाची, म्हणजे आपला पोरांचा भोवरा, ज्याचं वजन बरोबर आसावर असतं. तिसरी हिची, आणि तिच्यात वजन आसावर नसून बाजूला आहे. बाजूला वजन असलेल्या भोवऱ्याचं गणित सोडवणं शंभर वर्षं कोणाला जमलं नव्हतं.

भोवऱ्याचं लाकूड सुतार करतो, पण आर, म्हणजे टोकाचा खिळा, ठोकायला पोरं आमच्याच अंगणात यायची. आजोबा आर ठोकून झाली की भोवरा तळहातावर फिरवून बघायचे. थरथरला तर आर काढून परत ठोकायचे. माझ्या टेबलाच्या खणात तसा एक भोवरा आहे. वर्तुळगती शिकवताना मी तो वर्गात फिरवते, आणि त्या दिवशी फळ्यावर कोवालेव्हस्काया हे नाव लिहून त्याखाली 'लोहार' लिहिते. मुली वहीत उतरवून घेतात.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले होते. खापरावरच्या पुरणपोळ्या, रस, अंगणातल्या निंबाला झोका, सगळं झालं. भाच्याचा निरोप होता, की कोवाल्स्कीला आपली ऐरण बघायचीय, फोटो पाठव. ऐरण गोठ्याच्या कोपऱ्यात पडलेली, वर कुट्टीचा भुगा साचलेला. मी आणि वहिनीनं नारळाच्या शेंडीनं घासली. मधोमध झिजून खोलगट झालेली, आजोबांचा हातोडा जिथं पडायचा तिथंच. फोटो काढून पाठवला.

रात्री झोपताना उत्तर आलं. पोलिशमध्ये ऐरणीला काय म्हणतात ते त्यानं कळवलं होतं आणि भाच्यानं मला देवनागरीत लिहून पाठवलं: 'कोवाद्वो'. मी दोन-तीनदा मोठ्यानं म्हणून बघितलं. वहिनी अंधारातून म्हणाली, "काय म्हणतेस गं?" मी म्हटलं, "ऐरण."