फळ्यावरची बसंतर

१६ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी अख्खं सोलापूर रस्त्यावर होतं. ढाक्यात पाकिस्तानी फौजेने शरणागती पत्करल्याची बातमी रेडिओवर आली आणि नव्या पेठेतल्या दुकानदारांनी साखर, पेढे, जे हाताशी असेल ते वाटायला काढलं. मिलमधून सुटलेले कामगार सायकली हातात धरूनच मिरवणुकीत शिरले. मी तेव्हा नववीत. आमच्या वर्गाने पूर्व भागात विणकरांच्या दारोदार फिरून जवानांसाठी चादरी गोळा केल्या होत्या. त्यामुळे या विजयात आपलाही वाटा आहे, असा आमचा ठाम समज होता आणि त्या मानाने आम्ही ओरडलोही भरपूर.

त्याच दिवशी सकाळी, पश्चिमेच्या आघाडीवर शकरगड भागात, आपल्याच पुण्यात जन्मलेला एकवीस वर्षांचा एक अधिकारी रणगाड्यात लढता लढता मारला गेला होता. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल. आम्हाला हे नाव कळलं ते जानेवारी संपता संपता, परमवीर चक्राच्या बातमीबरोबर.

सोलापूरच्या पोरांना हुतात्म्यांची ओळख करून द्यावी लागत नाही. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेल्या या चौघांची नावं आम्ही पाढ्यांच्या आधी शिकलो. दरवर्षी हुतात्मा दिन झाला, की लगेच सिद्धेश्वरांची यात्रा. भाषणं ऐकून आलेली पोरं दोन दिवसांत गड्ड्यावर, म्हणजे यात्रेच्या मैदानात, पाळण्यात बसलेली असायची. यात वाईट काही नाही, पण हुतात्मा म्हटलं की हार, तसबीर आणि आवाज चढवून केलेलं भाषण, एवढंच आमच्या डोक्यात असायचं. खेत्रपालांच्या बाबतीतही तेच झालं असतं. भूगोलाच्या सरांनी ते होऊ दिलं नाही.

सरांचं नाव इथे लिहीत नाही. छापील कौतुक त्यांना सोसायचं नाही. स्वतःच्या निरोप समारंभालासुद्धा ते आले नव्हते. एनसीसीही तेच बघायचे, एवढं सांगितलं की जुन्या मंडळींना कळेल.

त्या दिवशी तास होता मोसमी वाऱ्यांचा. सरांनी फळा पुसला आणि निळ्या खडूने, जो ते एरवी कुणाला हात लावू द्यायचे नाहीत, रावी काढली. मग तिला येऊन मिळणारी एक बारीक रेघ. "ही बसंतर. आपल्या सीना नदीएवढी समजा. पावसाळ्यात भरते, थंडीत वाळू दिसते. आता मला सांगा, हिच्यासाठी एवढं का लढायचं?" कुणालाच सांगता येईना. सरांनी नदीच्या अंगाला पांढऱ्या खडूने ठिपके द्यायला सुरुवात केली. देतच राहिले. खडू टकटक वाजत होता आणि वर्गात हसू पिकलं होतं. "हे सुरुंग," ते म्हणाले, आणि हसणं थांबलं.

१५ डिसेंबरच्या रात्री आपलं पायदळ बसंतरपार पोहोचलं होतं, पण मागून रणगाडे गेल्याशिवाय त्याचा तिथे निभाव लागणार नव्हता. इंजिनिअर मंडळी सुरुंग काढून वाट करत होती. काम निम्मंच झालं होतं, तेवढ्यात पलीकडे शत्रूच्या रणगाड्यांची हालचाल दिसली. वाट पूर्ण होईपर्यंत थांबायचं, की तसंच घुसायचं? पूना हॉर्स ही रणगाड्यांची पलटण, लेफ्टनंट कर्नल हनूत सिंग यांच्या हाताखालची, तशीच घुसली. सरांनी ठिपक्यांमधून एक आडवी रेघ ओढली. ती ओढताना खडू मोडला, ते मला अजून आठवतं. उरलेल्या तुकड्याने त्यांनी आपले रणगाडे चौकोनांनी आणि शत्रूचे फुल्यांनी दाखवले.

सकाळी जरपाल गावाजवळ शत्रूने रणगाड्यांनिशी उलटा हल्ला चढवला. पलटणीच्या पुढच्या स्क्वाड्रनने मदत मागितली. खेत्रपाल दुसऱ्या स्क्वाड्रनचे. हाक त्यांच्यासाठी नव्हती, पण ते आपली तुकडी घेऊन निघाले. वाटेतली ठाणी मोडून काढत पोहोचले. मग मोठा हल्ला आला. आपल्या बाजूला शेवटी तीनच रणगाडे उरले. त्यातल्या एकाला गोळा लागला, दुसऱ्याची तोफ अडकली. राहिला खेत्रपालांचा 'फामागुस्ता'. तोही पेटला. रणगाडा सोडून बाहेर पड, असा वायरलेसवर हुकूम आला. खेत्रपालांचं उत्तर आता सगळ्यांना माहीत आहे: माझी तोफ अजून चालतेय, मी रणगाडा सोडणार नाही. त्या लढतीत शत्रूचे दहा रणगाडे निकामी झाले, त्यातले चार एकट्या खेत्रपालांनी टिपलेले.

"एकवीस म्हणजे आमच्या अण्णाएवढाच की बे," माझ्या बाकावरचा दोस्त पुटपुटला. त्याचा अण्णा मागावर बसायचा आणि रात्री रेडिओ ऐकत झोपायचा. मला त्या क्षणी खेत्रपाल दिसले ते त्या अण्णाच्या चेहऱ्याचे. फोटो पुष्कळ उशिरा पाहिला.

सरांना या गोष्टीतला आरडाओरडा नको असायचा. पुढच्या वर्षीच्या वक्तृत्व स्पर्धेत एकाने खेत्रपालांकडून पन्नास रणगाडे उडवून घेतले. टाळ्या कडकडल्या. परीक्षक सरच. त्यांनी तिथेच विचारलं, "सरकारी मानपत्रात चार आहेत. उरलेले शेहेचाळीस कुठून आणलेस?" नंबर गेला. तो वक्ता आता वकील आहे. आकडे अजूनही वाढवूनच सांगतो. सरांचं म्हणणं साधं होतं. चारच का आणि कसे, हे समजून घ्या. जून १९७१ मध्ये कमिशन मिळालेला मुलगा डिसेंबरमध्ये हे करतो, तर त्या सहा महिन्यांत तो काय शिकला? तोफ, इंजिन, वायरलेस, नकाशा. युद्धाची चाहूल लागली तेव्हा खेत्रपाल नगरला तरुण अधिकाऱ्यांच्या कोर्सला होते. हे ऐकून आम्ही चकित झालो होतो. नगर म्हणजे आमच्यातल्या निम्म्यांच्या आत्या-मावशांचं गाव. एसटीत बसलं की जायचं.

आघाडीवर जाताना त्यांनी सामानात गोल्फच्या काठ्याही घेतल्या होत्या म्हणतात, लाहोरला खेळायला. मला हा किस्सा परमवीर चक्राइतकाच आवडतो. एकविसाव्या वर्षी माणसाने असंच सामान भरावं.

सर आणखी एका गोष्टीवर अडून बसायचे. रणगाड्यात चौघं असतात. "उत्तर एकाने दिलं, पण आत बसून राहिले चौघं," असं ते म्हणायचे. चालक प्रयाग सिंग आणि तोफची नत्थू सिंग वाचले. वायरलेस सांभाळणारे सवार नंद सिंग त्याच रणगाड्यात गेले. ही नावं सरांना पुढे कधीतरी मिळाली. मिळाली त्या वर्षापासून चौकोनाशेजारी चौघांची नावं लिहिल्याशिवाय त्यांचा नकाशा पुरा व्हायचा नाही. हो, नकाशा ते दरवर्षी काढायचे, १६ डिसेंबरला, तास कुठलाही असो. माझ्या धाकट्या भावाच्या वर्गालाही त्यांनी तोच शिकवला.

पुढची गोष्ट आमच्या वर्गाच्या वेळी घडलेलीच नव्हती. २००१ मध्ये अरुणचे वडील, ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी आपलं जन्मगाव सरगोधा बघायला पाकिस्तानात गेले. लाहोरला त्यांचा पाहुणचार ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर यांनी केला. घरच्यासारखं ठेवलं. निघायच्या आदल्या रात्री नासेर यांनी सांगितलं, की बसंतरच्या लढाईत तुमचा मुलगा माझ्या हातून मारला गेला. तेव्हा ते १३ लान्सर्स या पाकिस्तानी रणगाडा पलटणीत मेजर होते. मुलाच्या शौर्याचं त्यांनी मन मोकळं करून कौतुक केलं.

मी हे वाचलं तेव्हा कात्रण घेऊन सरांकडे गेलो. ते चष्मा पुसत दोनदा वाचून म्हणाले, "इतकी वर्षं मी नुसती फुली काढत होतो. तिलाही नाव होतं." मग काकूंना चहा टाकायला सांगून त्यांनी जुन्या वहीतला नकाशा शोधून काढला आणि एका फुलीपुढे पेन्सिलीने 'नासेर' लिहिलं. मला स्वतःला हे एवढं सहज जमलं नसतं. शत्रूबद्दल माझ्या पिढीच्या मनात आडपडदा फार. पण नकाशा खरा हवा, यावर सरांशी वाद घालण्यात अर्थ नसायचा.

सर गेले. त्यांच्या तासाचा मोबदला म्हणा किंवा फी म्हणा, आमच्या १९७४ च्या अकरावी मॅट्रिकच्या बॅचने एक निधी जमवला आहे. तो शाळेच्या स्वाधीन करत आहोत. त्यातून दर डिसेंबरला नववीच्या मुलामुलींची सहल नगरच्या रणगाडा संग्रहालयाला न्यावी. तिथे सेंच्युरियन, म्हणजे खेत्रपालांच्याच जातीचा रणगाडा, जवळून बघता येतो. 'फामागुस्ता'सुद्धा त्याच गावात, आर्मर्ड कोर सेंटरने जपून ठेवला आहे. परवानगीसाठी पत्रव्यवहार करायला आमचे दोन मित्र तयार आहेत, दोघेही निवृत्त आणि पत्रं लिहायला मोकळे. आमची अट एकच. निघायच्या आधी वर्गात कुणीतरी बसंतरचा नकाशा फळ्यावर काढायचा, सुरुंगांचे सगळे ठिपके देऊन आणि नंद सिंगांचं नाव लिहून. सरांच्या वहीतल्या नकाशाची झेरॉक्स निधीच्या कागदांसोबत जोडली आहे.