एकोणीस एकोणीस एकोणीस

घरातल्या कुंडीतल्या झाडाला कुठलं खत घालू असं सोसायटीच्या ग्रुपवर नुसतं विचारा आणि फोन बाजूला ठेवा. चहा होईपर्यंत केळीच्या सालीचं पाणी, तांदळाचं धुवण, अंड्याची टरफलं, मोहरीची पेंड सगळं सुचवून झालेलं असतं, आणि झाड कुठलं आहे, कुठे ठेवलंय हे एकानेही विचारलेलं नसतं.

माझे मामा निफाडकडचे, द्राक्षबागवाले. त्यांच्याकडे खतांना नावंच नाहीत, फक्त आकडे. बारा एकसष्ट सोडलं, झिरो बावन्न चौतीस मारलं, एकोणीस एकोणीस दिलं. ऐकणाऱ्याला वाटावं मटका लावतायत. पण आकडे सोपे असतात, पहिला नत्राचा म्हणजे नायट्रोजनचा, दुसरा स्फुरदाचा म्हणजे फॉस्फरसचा, तिसरा पालाशचा म्हणजे पोटॅशचा, शंभरात किती ते. नत्र पानांसाठी, आणि आपल्या हॉलमधल्या रबर प्लांटला किंवा अरेका पामला पानांशिवाय करायचंय काय? त्यामुळे फुलं येण्यासाठी म्हणून मिळणारी स्फुरदवाली पाकिटं इथे बिनकामाची. नर्सरीवाले डीएपी खताचे चार दाणे पुडीत बांधून देतात ना, ते १८:४६:०, म्हणजे स्फुरदच जास्त.

आणि युरिया तर नकोच. त्यात ४६ टक्के नत्र, शेतात जास्त पडलं तर निदान पसरायला जागा असते, कुंडीत मुळं जाणार कुठे, खताचे क्षार साठत जातात आणि मुळांना पाणी ओढणंच जड जातं, मग पानांची टोकं करपतात, मातीवर पांढरा थर येतो आणि आपल्याला वाटतं झाड उपाशी आहे, की घाल अजून! बोअरचं जड पाणी असेल तर त्याचाही थर येतो. अशा वेळी खत बंद करून खालच्या भोकातून भरपूर वाहून जाईल इतकं साधं पाणी ओतायचं आणि ताटलीत साठलेलं फेकून द्यायचं.

माझं मत विचाराल तर खताआधी खिडकी बघावी. खिडकीपासून दहा फूट आत सोफ्यामागे उभं असलेलं झाड अन्न तयार करणार किती आणि वाढणार किती, त्याला बागेतल्या झाडाचा डोस म्हणजे दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याला पैलवानाचा खुराक. पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ लिटरला एक ग्रॅम पुरे, म्हणजे छोटा चमचा पाव भरून, तोही शिगोशीग नाही, महिन्यातून एकदा आणि ओल्या मातीत. तेही झाड वाढत असेल तरच. रबर प्लांटचं बरं असतं, नवीन पान यायचं झालं की शेंड्याला लाल टोपण दिसतं, ते दिसलं की द्यावं. पावसाळ्यातल्या अंधाऱ्या दिवसांत आणि पुण्याच्या डिसेंबरात बहुतेक झाडं गप्प असतात, त्यांना गप्प राहू द्यावं.

ज्यांना ग्रॅम मोजायचा कंटाळा त्यांच्यासाठी गांडूळखत. नत्र जेमतेम एक-दोन टक्के, हळूहळू मिळतं, दोन मुठी जास्त पडलं तरी झाड जळत नाही. मात्र जास्त घालून वर रोज पाणी घातलंत की चिलटं होतात, आणि ती नेमकी पाहुण्यांच्या कपावर बसतात. निंबोळी पेंड चांगली, वास दोन-चार दिवस सहन करायची तयारी हवी. भिजवलेली मोहरीची पेंड मात्र गच्चीवरच, हॉलमध्ये आणलीत तर घरातली माणसं बाहेर जातील. शेणखत पूर्ण कुजलेलं असेल तरच, कच्चं असलं की तापतं.

पान पिवळं पडलं की हात आधी खताच्या डब्याकडे जातो, तो आधी मातीत घालावा. बोट दोन पेरं आत गेल्यावर ओलं लागलं तर पाणी जास्त झालंय, त्यावर जगातल्या कुठल्याच पाकिटाचा इलाज नाही. आमच्या शेजारच्या आजी उरलेला दूध-साखरेचा चहा रोज अरेकाला पाजतात, कुंडीत मुंग्यांचं वारूळ व्हायचं बाकी आहे, पण पाम खिडकीत आहे, त्यामुळे तो तरीही आमच्यापेक्षा टवटवीत, आणि त्याचं सगळं श्रेय चहाला.