राखणीला रकाना नाही

सामूहिक वनहक्काचा, म्हणजे गावाने मिळून जंगल वापरायच्या आणि राखायच्या हक्काचा, दाखला गावात आला तेव्हा मी वनहक्क समितीचा सचिव होतो. गडचिरोलीतलं आमचं गाव लहान, तीन पाड्यांच्या गटग्रामपंचायतीतलं एक. आमच्याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली हा हक्क मिळाला, २०११ साली त्यांनी स्वतःचा बांबू स्वतःच्या वाहतूक परवान्यावर विकला. ते बघूनच आम्ही दावा केला होता.

दाव्याच्या वेळचे कष्ट निदान समजण्यासारखे होते. ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. मोहाच्या दिवसांत बाया पहाटेच जंगलात जातात, म्हणून आम्ही सभा रात्री जेवणं झाल्यावर घ्यायला लागलो. म्हाताऱ्यांना पुढे घालून सीमेवरून चाललो, मागून एक पोरगा जीपीएसवर खुणा घेत होता. कुठला नाला, कुठलं देवाचं झाड, गुरं कुठवर जायची, हे त्यांचे जबाब पुरावा म्हणून जोडले. वनहक्क कायद्याच्या नियम १३ मध्ये ते चालतात. प्रत्येक कागदाची पोच घेतली. एकदा आमची फाइल सापडत नव्हती, तेव्हा त्या पोचेमुळेच दावा वाचला.

जंगलाच्या कामांसाठी पैसे मागायची वेळ आली तेव्हा मात्र आम्ही अडकलो.

आधी बँक. ग्रामसभेच्या नावाने खातं म्हटल्यावर सरपंचाची सही मागितली. ग्रामसभा वेगळी आणि ग्रामपंचायत वेगळी, हे समजावण्यात पाच खेपा गेल्या. मग जंगलाच्या संवर्धनाचा आराखडा. आम्ही तो पावसाळ्यात महिनाभर बसून केला होता: कुठे चराईबंदी, कुठे बांबू विश्रांतीला, कुठले झरे आटलेत. तो परत आला, कारण तो कार्य आयोजनेच्या, म्हणजे वनखात्याच्या जंगल-नियोजनाच्या, नमुन्यात नव्हता. वनहक्काचाच नियम ४ सांगतो की आराखडा ग्रामसभेची समिती करते आणि समितीला योग्य वाटतील ते बदल करून तो कार्य आयोजनेशी जोडला जातो. त्या नियमाची प्रत लावून तोच आराखडा पुन्हा दिला. एक ओळही बदलली नाही, याचा मला आजही अभिमान आहे.

अखेर रोजगार हमीतून मंजुरी आली. समतल चर, दगडी बांध, रोपं. पहिल्या मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, चौसष्ट नावं होती, निम्म्याहून जास्त बायांची.

पण आराखड्यातली आमची पहिली मागणी वेगळीच होती. फेब्रुवारीत जाळरेषा (आग पसरू नये म्हणून मोकळे केलेले पट्टे) काढणं, उन्हाळाभर दोन-दोन माणसांची राखणीची पाळी, रात्री वणवा दिसला की धावणाऱ्यांची मजुरी. चराची लांबी मोजता येते, बांधाचा दगड मोजता येतो. जे जंगल जळलं नाही त्याचं मोजमाप कोण आणि कसं लिहिणार? जिथे गेलो तिथे नवीन काय करणार, असंच विचारलं. आहे ते टिकवणार, या उत्तराला अर्जात रकानाच नव्हता. भरपाई वनीकरणाच्या निधीतले नव्वद टक्के २०१६ च्या कायद्याने राज्यांकडे येतात. कुठेतरी जंगल तुटलं म्हणून जमा झालेला तो पैसा आहे. त्यातला वाटा उभं जंगल राखणाऱ्या ग्रामसभेला मिळाला पाहिजे, आणि आमच्या हद्दीत रोपवन करायचं तर आम्हाला विचारूनच, असं मी प्रत्येक बैठकीत बोलतो. मोहाच्या, चारोळीच्या झाडांच्या जागी नुसता साग लावला तर आमच्या बायांनी वेचायचं काय?

वाट बघत बसणं परवडणारं नव्हतं. तेंदूच्या हंगामानंतर ग्रामसभेत ठराव केला: तेंदूच्या पैशांतले शंभरातले वीस रुपये राखणीसाठी बाजूला. दोघांनी विरोध केला, त्यांच्या घरी त्या साली आजारपण होतं आणि त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. त्यांचा वाटा पूर्ण दिला आणि बाकीच्यांनी कापून घेतला. तेंदूला पालवी चांगली फुटावी म्हणून आग लावायची नाही, हेही त्याच ठरावात लिहिलं.

तेव्हापासून राखणीची वही मी ठेवतो. तारीख, पाळीवर कोण, जंगलाच्या कक्षाचा (तुकड्याचा) क्रमांक, काय दिसलं. यंदा मार्चमध्ये दोनदा आग लागली, दोन्ही वेळा नाल्याच्या अलीकडे विझवली. त्या पानांच्या प्रती या वर्षीच्या मागणीला जोडल्या आहेत. पोच घेतली आहे.