आबांची पडशी

आबा 2023 च्या कार्तिकात गेले. दिंडीच्या वहीत त्यांचं नाव तसंच होतं. 2024 ला त्या नावापुढची भिशी, म्हणजे दिंडीतल्या जेवणखर्चाची वर्गणी, मी भरली आणि त्यांची पडशी खांद्याला लावून आळंदीला गेलो.

प्रस्थान, पुण्यातले दोन मुक्काम, यातलं फारसं आठवत नाही. दिवेघाट मात्र आठवतो. एकादशीचा उपास, सगळ्यात लांबची मजल, रथाला जादा बैलजोड्या आणि चढाला टाळांचा वाढत जाणारा ठेका. आबा इथं दरवर्षी चालले असतील, कुठल्या कडेनं चालले असतील, एवढंच मनात आलं आणि मला रडू आवरेना. माथ्यावर पोचलो तर एक पोरगा टाळकऱ्यांच्या ओळीत शिरून मोबाइल नाचवत होता. त्याच्यावर असा खेकसलो की विणेकऱ्यांनी मागं वळून पाहिलं. रडू खरं होतं, रागही खरा होता.

सासवड, जेजुरी, वाल्हे. नीरेत माउलींच्या पादुकांचं स्नान. चांदोबाच्या लिंबापाशी उभं रिंगण झालं, मला घोड्यांच्या टापांची माती तेवढी मिळाली. ती पुडीत बांधून ठेवली. आबा ठेवायचे.

तरडगाव सोडलं त्या दिवशी दुपारी पाय संपले. दोन्ही टाचांना फोड, डाव्या पायाच्या अंगठ्याखाली तिसरा. पालखी मार्ग चौपदरी झाला आणि कडेची जुनी झाडं गेली. आबा घरी आल्यावर झाडांच्या खुणेनं वारी सांगायचे, अमक्या वडाखाली जेवलो, तमक्या चिंचेखाली पाठ टेकली. मी सावली शोधत होतो आणि समोर नुसता तापलेला रस्ता. दिंडी पुढं निघून गेली. पाणी वाटणाऱ्यांच्या गाड्या कर्णे लावून जात होत्या, त्या आवाजानं डोकं उठलं होतं. एका खुरट्या बाभळीखाली बसलो तेव्हा विठ्ठलाचं नाव तोंडात नव्हतं. घरी जावं, एवढंच होतं.

एक म्हातारी येऊन शेजारी बसली. डोक्यावर गाठोडं, नऊवारीचा काचा मारलेला, पायांत काही नाही. परभणीकडून आलेली, कुठल्या दिंडीत नाही, मोकळ्या समाजात चालणारी. न विचारता तिनं माझा पाय ओढून मांडीवर घेतला.

"मावशी, राहू द्या," मी म्हटलं. माझ्या आईच्या वयाची बाई माझा पाय धरणार, हे सोसेना.

"गप बस, लेकरा. माउलीचाच पाय हाय."

गाठोड्यातून सुई काढली. फोडातून दोरा ओवायचा आणि आत तसाच सोडायचा, म्हणजे पाणी झिरपून जातं आणि कातडी जाग्यावर राहते, हे वारीत सगळ्यांना ठाऊक असतं. तिच्याकडचा दोरा संपला होता. मी पडशी उपसली. टाळ, तांब्या, बुक्क्याची डबी, गोपीचंदनाचा खडा, पानं सुटलेला हरिपाठ. चोरखिशात एक दोरा सापडला. दुहेरी, काळपट, टोकं गाठीनं जोडलेला. मी तो तिच्या हातात दिला.

तिनं तोडायला दातांशी नेला आणि थांबली. दोन्ही हातांची बोटं त्या वेढ्यात घालून ताणून पाहिला.

"हे कुणाचं?"

"वडिलांचं असेल. गेले ते."

"हे बांगडीचं माप हाय, बाबा. हे कामून तोडतो?"

दोरा तिनं माझ्या तळहातावर ठेवला आणि स्वतःच्या पदराची दशी उपसून सुईत ओवली. हळद दाबली. मग, जणू जमीन केवढी असं विचारावं तसं, विचारलं, "पेरून येनारा व्हता का टाकून येनारा?"

पेरून येणारा. मी लगेच सांगितलं, आणि मग सांगतच राहिलो. माण तालुक्यातली कोरडवाहू जमीन. मृग बरसला, बाजरी-मटकी पेरली, तरच आबा आळंदीची वाट धरायचे. पाऊस लांबला तर नुसतं रस्त्याकडं बघत बसायचे. 2013 ला बैलं चारा छावणीत होती. आबा त्यांच्यापाशीच राहिले आणि पालखी चालली तेवढे दिवस छावणीतल्या पालाखाली रोज हरिपाठ म्हटला. 1972 च्या दुष्काळात विशीतले आबा खडी फोडायला जायचे. तिथं मिळालेली सुकडी धोतराच्या सोग्यात बांधून धाकट्या भावंडांना आणायचे. हे मला चुलत्यानं सांगितलं, तेही आबा गेल्यावर. आईचं मनगट मोडलं तेव्हा तीन आठवडे त्यांनी चुलीपुढं बसून भाकरी थापल्या. बाया दारात येऊन बघायच्या. ते खाली मान घालून थापत राहायचे. भाकरी जाड व्हायची, कडेला कच्ची राहायची. आम्ही खायचो.

तरी लहानपणी मला वारीचा राग यायचा. ऐन कोळपणीच्या तोंडावर बाप नाही, सगळं आईच्या अंगावर. आबा आल्यावर मी दोन दिवस बोलायचो नाही. ते चुरमुरे, बत्तासे पुढं ठेवायचे आणि आईला हिरव्या बांगड्या द्यायचे. त्या तिला नेमक्या बसायच्या, दरवर्षी. त्या कशा बसतात, असा विचार माझ्या मनात कधी आला नाही.

मावशी उठली. नाव विचारलं नाही, सांगितलंही नाही. "चाल आता, थांबलास तर जड हुतीन पाय," म्हणाली आणि गर्दीत गेली. पुढं प्रत्येक तळावर मी तिला शोधलं. समाजआरतीला चोपदारांनी चोप वर केला, लाखो माणसं क्षणात गप झाली, तेव्हाही माझे डोळे बायांच्या बाजूला फिरत होते.

फलटण, बरड, नातेपुते. पुरंदावड्याचं गोल रिंगण. माळशिरस. वेळापूरचा धावा मला दुखऱ्या पायानंही धावता आला. वाखरीला रात्रभर पाऊस, राहुटीत पाणी. आमच्यातल्या एकानं माझी कोरडी सतरंजी ओढून घेतली त्याचा मला अजून राग आहे.

आबांच्या मातीच्या वेळी आईच्या बांगड्या फोडल्या. जवळच्याच बायांनी, रीत म्हणून. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, ते मी वाचलं होतं, चारचौघांत बोललोही होतो. त्या दिवशी ओट्यावर उभा राहिलो आणि काही बोललो नाही. दोरा खिशात घेऊन चालताना हेच सारखं वर येत होतं.

आबा पदस्पर्शाच्या रांगेत कधी उभे राहिले नाहीत. चंद्रभागेत स्नान, नामदेव पायरी, कळसाला हात जोडायचे की झालं. मीही तेवढंच केलं. मग कासाराच्या दुकानात जाऊन दोरा पुढं केला. त्यानं तो बोटांवर ताणला, लाकडी दांड्यावरच्या बांगडीला लावून पाहिला. "अडीच."

आईला फोन लावला. आबांच्या पडशीत दोरा सापडला, म्हणून सांगितलं. पलीकडं बराच वेळ काही नाही. मागं शेळी ओरडत होती.

"मीच गाठ मारून दिलेली," ती म्हणाली. "पण अडीचच्या आता सैल हुतील. हात वाळलं माझं. सव्वादोनच्या बघ."

"हिरव्या?"

"मग कुठल्या?"