फोनच्या कॅमेऱ्यात खरे मेगापिक्सेल किती? मोडी कागदांसाठी केलेली मोजणी

आमच्या वाईच्या घरात मोडी कागदांचा एक रुमाल, म्हणजे कापडात बांधलेलं गाठोडं आहे. जमिनीच्या वाटपाचे, वतनाचे, काही नुसते जमाखर्चाचे कागद. सगळे ठिसूळ झालेत, उघडताना घडीवर कपचे निघतात. म्हणून घरात ठरलं की कागद एकदाच पूर्ण उघडायचे, व्यवस्थित फोटो काढायचे आणि परत बांधून ठेवायचे. हे काम माझ्याकडे आलं. स्कॅनरमध्ये हे कागद दाबणं मला पटत नव्हतं, त्यामुळे फोन हाच पर्याय होता.

नमुन्याचा एक फोटो पुण्याच्या मोडी वाचणाऱ्या काकांना व्हॉट्सअॅपवर पाठवला. त्यांचा लगेच फोन आला.

"ताई, अक्षराचं पोट कुठे उघडं आणि कुठे मिटलेलं, तेच कळत नाहीये. मोडीत त्यावर सगळं असतं."

"काका, फोन तर पन्नास मेगापिक्सेलचा आहे."

"असेल हो. माझ्यापर्यंत तेवढे पोचायला हवेत ना!"

त्यांच्या या एका वाक्यामुळे मी सगळी साखळी तपासायला घेतली. कागद एकदाच उघडायचे असतील, तर कॅमेरा नेमकं काय टिपतो हे आधी माहीत हवंच.

व्हॉट्सअॅपचा भाग सोपा होता. साधा फोटो पाठवला की तो लहान होतो, लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. २०२३ पासून एचडीचा पर्याय आहे, तरी मूळ फाईल जशीच्या तशी पाठवायची असेल तर डॉक्युमेंट म्हणूनच पाठवावी. मोठी फाईल असेल तर ड्राइव्हवर टाकून लिंक द्यावी.

मग मूळ फाईलकडे वळले. गॅलरीत फोटो उघडून तपशील पाहिला की लांबी-रुंदी दिसते. माझ्या फोटोची होती ४०८० × ३०७२. गुणाकार केला की सुमारे १ कोटी २५ लाख पिक्सेल, म्हणजे साडेबारा मेगापिक्सेल. खोक्यावर ५०, फाईलमध्ये साडेबारा. बरोबर चौथा हिस्सा.

यात लपवाछपवी नाही, सेन्सरची, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपची रचनाच तशी आहे. डिजिटल कॅमेऱ्याचा प्रत्येक पिक्सेल नुसता प्रकाश मोजतो, रंग त्याला कळत नाही. म्हणून त्याच्यावर लाल, हिरवी किंवा निळी बारीक गाळणी बसवलेली असते. कोडॅकमधल्या ब्राइस बेयर यांच्या मांडणीला १९७६ मध्ये पेटंट मिळालं: निम्मे पिक्सेल हिरवे, पाव लाल, पाव निळे. एका पिक्सेलजवळ नसलेले दोन रंग शेजाऱ्यांकडून अंदाजाने भरले जातात. २०१८ च्या सुमारास फोनसाठी ४८ मेगापिक्सेलचे सेन्सर आले, सोनीचा आयएमएक्स ५८६ त्यातलाच. त्यात एकाच रंगाच्या गाळणीखाली चार-चार पिक्सेल बसवले. ठिपक्यांच्या रांगोळीत शेजारचे चार ठिपके एकाच रंगाने भरावेत, तसं. एरवी फोन ते चार मिळून एक मोठा पिक्सेल धरतो. प्रकाश जास्त गोळा होतो, फोटो स्वच्छ येतो आणि फाईल बारा मेगापिक्सेलच्या आसपास बसते. २०२० मध्ये सॅमसंगने १०८ मेगापिक्सेलच्या सेन्सरमध्ये नऊ-नऊ पिक्सेल एकत्र करण्याची सोय आणली. तिथेही फाईल बाराचीच.

कॅमेऱ्याच्या मेनूत ५० मेगापिक्सेलचा वेगळा मोड होता. तो लावल्यावर फाईल आली ८१६० × ६१४४ ची. आकडा जुळला. पण फाईलमध्ये पिक्सेल किती आहेत आणि त्या पिक्सेलांत तपशील किती आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. फाईल तर सॉफ्टवेअर हवी तेवढी फुगवू शकतं.

ते फुगवणं कसं असतं हे घरातच पाहायला मिळालं. मावशीचा जुना स्वस्तातला फोन १३ मेगापिक्सेलचा म्हणून घेतलेला. त्याची फाईल ४१६० × ३१२० ची, म्हणजे कागदोपत्री बरोबर तेरा. फोनच्या हार्डवेअरची माहिती दाखवणारं एक फुकट अॅप त्यात टाकलं, तर सेन्सरची नोंद ३२६४ × २४४८ अशी निघाली. आठ मेगापिक्सेल. उरलेले पन्नास लाख पिक्सेल सॉफ्टवेअरने मधेमधे भरलेले. मावशीला सांगितल्यावर ती म्हणाली, "अगं, मग मी पैसे कशाचे दिले?" तिचा प्रश्न मला अगदी रास्त वाटतो. आकडा बघून फोन घेणाऱ्याला तो आकडा कशाचा, हे खोक्यावरच कळायला हवं.

माझ्या फोनवर तेच अॅप सेन्सर ४०८० × ३०७२ दाखवत होतं. एवढ्यावरून फोन खोटा ठरवायची घाई करू नये. पिक्सेल एकत्र करणारे सेन्सर बरेचदा अॅपला चौथा हिस्साच सांगतात. अँड्रॉइड १२ पासून कमाल रिझोल्यूशनची वेगळी नोंद ठेवता येते, पण सगळेच फोन ती देत नाहीत. अॅपने सेन्सरचं प्रत्यक्ष मापही दिलं होतं: रुंदी ५.२२ मिलिमीटर. ती ८१६० ने भागली की एका पिक्सेलला ०.६४ मायक्रॉन येतात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). माझ्या फोनच्या कंपनीने आपल्या माहितीपत्रकात पिक्सेलचा आकार तोच छापलाय. म्हणजे सेन्सरवर पाच कोटी पिक्सेल खरोखर आहेत, एवढं नक्की झालं.

आता लेन्स. एफ/१.८ च्या (हा आकडा लेन्सचं तोंड किती उघडं ते सांगतो) लेन्समधून हिरव्या प्रकाशाचा एक बिंदू कितीही नेमका फोकस केला तरी सेन्सरवर त्याची साधारण २.४ मायक्रॉन व्यासाची चकती होते. प्रकाशाचा स्वभावच तो, महागड्या काचेनेही तो बदलत नाही. ०.६४ मायक्रॉनचे जवळजवळ चार पिक्सेल त्या एका चकतीच्या रुंदीत बसतात. तेव्हा पन्नासच्या पन्नास मेगापिक्सेल वेगवेगळा तपशील देतील ही अपेक्षा धरता येत नाही. किती देतात, ते मोजायचं.

मोजायला मी सिमेन्स स्टार वापरला. मध्यातून बाहेर जाणाऱ्या काळ्या-पांढऱ्या पाकळ्यांचं चक्र. मध्याकडे जावं तशा पाकळ्या अरुंद होत जातात आणि कॅमेऱ्याला त्या वेगळ्या दिसेनाशा झाल्या की मधे एक करडा गोल तयार होतो. त्या गोलाचा व्यास मोजायचा. माझ्या चक्रात काळ्या-पांढऱ्याच्या ७२ जोड्या होत्या. एक जोडी ओळखायला कमीत कमी दोन पिक्सेल लागतात, म्हणजे पूर्ण परिघावर १४४. त्याला ३.१४ ने भागलं की ४६. कॅमेऱ्याचा प्रत्येक पिक्सेल कामाला लागला असेल तर करडा गोल सुमारे ४६ पिक्सेलचा यावा. गोल दुप्पट मोठा आला तर लांबीत निम्मा आणि रुंदीत निम्मा तपशील, म्हणजे मेगापिक्सेल पाव.

कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून लेझर प्रिंटरवर अठरा सेंटीमीटर व्यासाचं चक्र छापून आणलं. इंकजेटवर शाई पसरते, त्यावर छापू नये. फोन ट्रायपॉडवर, लेन्स सुती फडक्याने पुसलेली, झूम अजिबात नाही, चक्रावर बोट ठेवून फोकस आणि तीन सेकंदांचा टायमर. अंतर सव्वा मीटरच्या आसपास ठेवलं. फार जवळ गेलं तर प्रिंटरचीच छपाई तोकडी पडते आणि आपण कॅमेऱ्याऐवजी प्रिंटर मोजत बसतो. चक्र फोटोच्या मधोमध आलेलं पाहिलं, आणि मग कोपऱ्यात ठेवूनही फोटो घेतले.

कॉम्प्युटरवर गिंप या फोटो एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये फोटो चारशे टक्के मोठा करून मोजपट्टीने गोल मोजला. इथे थोडा धीर लागतो. करड्या गोलाच्या आत कधीकधी पुन्हा रेघा दिसतात, वाकड्या किंवा रंगीत. त्या खऱ्या नाहीत, पिक्सेलांच्या जाळीने तयार केलेल्या आहेत. बाहेरून आत येताना पाकळ्या जिथपर्यंत सरळ आणि सलग आहेत, तिथपर्यंतच धरायचं.

खिडकीच्या उजेडात बाराच्या मोडमध्ये गोल आला ५६ पिक्सेलचा. ४६ भागिले ५६, त्याचा वर्ग, गुणिले साडेबारा: साडेआठ मेगापिक्सेलच्या जरा खाली. पन्नासच्या मोडमध्ये गोल ७८ चा, म्हणजे सतरा मेगापिक्सेलच्या आसपास. ट्यूबलाइटखाली पन्नासचा मोड दहाच्याही जरा खाली उतरला, बाराचा मोड सातवर आला. कोपऱ्यांत गोल मोठा तर झालाच, शिवाय लांबटही दिसू लागला. मोजणी ढोबळ आहे, चार-दोन पिक्सेल इकडेतिकडे होणारच. पण पन्नास मेगापिक्सेलची चौपट मोठी फाईल दिवसाउजेडी दुप्पट तपशील देते आणि घरातल्या दिव्याखाली दीडपटीच्याही आत राहते, एवढं त्यातून स्वच्छ दिसलं.

तरी चक्रावरच विसंबून राहावंसं वाटेना. पांढऱ्यावर कुळकुळीत काळं ओळखणं कॅमेऱ्याला सोपं जातं. आमच्या कागदांवरची शाई मात्र काही ठिकाणी चहासारखी फिकट झालीय आणि कागदही तपकिरी. कमी उजेडात फोन फोटोतले दाणे घालवण्यासाठी पृष्ठभाग गुळगुळीत करतो आणि अशी फिकी रेघ त्याला दाण्यांसारखीच वाटते. म्हणून दुसरी तपासणी थेट कागदावर केली, आधीच सुट्या झालेल्या एका जमाखर्चाच्या तुकड्यावर. पन्नासच्या मोडमधला फोटो घेतला, त्याची एक प्रत लांबी-रुंदीत निम्मी केली आणि पुन्हा मूळ मापाला मोठी केली. मग ती मूळ फोटोवर ठेवून गिंपमध्ये डिफरन्स मोड लावला. दोन्हींत जे सारखं ते काळं होतं, लहान करताना जे हरवलं तेवढंच उजळ उरतं. ते आणखी उजळून पाहिलं. खिडकीजवळच्या फोटोत शिरोरेषेची कड आणि बोरूच्या वळणांची बारीक किनार उमटली होती. म्हणजे तिथे बारापेक्षा जास्त काहीतरी खरंच होतं. संध्याकाळच्या फोटोत नुसते दाणे, अक्षराचा मागमूस नाही.

बोरूची बारीक रेघ आमच्या कागदांवर ०.३ मिलिमीटरच्या आसपास भरते. ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) म्हणजे मिलिमीटरला साधारण १२ पिक्सेल, त्यात अशा रेघेला तीन-चार पिक्सेल मिळतात. बाराच्या मोडमध्ये तीस सेंटीमीटर लांबीचा भाग चौकटीत घेतला तर मिलिमीटरला साडेतेरा पिक्सेल पडतात. तपशील थोडा कमी धरला तरी भागतं. पण जोड देऊन केलेले आमचे लांबलचक बंद, म्हणजे कागदाच्या पट्ट्या, एका फोटोत बसवले असते तर कुठलाही मोड पुरला नसता, कारण लांब पट्टी चौकटीत घेताना दोन्ही बाजूंचे पिक्सेल रिकाम्या टेबलावर खर्ची पडतात. त्यामुळे मेगापिक्सेल वाढवण्यापेक्षा जवळ जाणं जास्त उपयोगाचं, हे माझं मत पक्कं झालं.

प्रत्येक बंदाचे आता तीस-तीस सेंटीमीटरचे भाग घेते, दोन भागांत चार बोटं सामाईक. बाराचा मोड, उत्तरेच्या खिडकीचा उजेड, कडेला मिलिमीटरची पट्टी. पट्टी चौकटीत असली की नंतर कोणीही पिक्सेल मोजून फोटोचा कस तपासू शकतो. शाई फार फिकी असेल तिथे दुपारी, आणखी जवळून, पन्नासच्या मोडमध्ये एक जादा फोटो. काकांना फाईली ड्राइव्हवरून जातात. वाटपाच्या कागदातली साक्षीदारांची नावं त्यांनी आता पूर्ण लावून दिली आहेत.

रुमालात जमिनीचा एक हाताने काढलेला नकाशाही आहे, जवळजवळ मीटरभर लांब. तो भागाभागानेच घ्यावा लागणार, आणि त्यासाठी पावसाळी ढग हटून भरपूर उजेड यायची मी वाट बघतेय.