पॉइंट लोबोस: समुद्राखाली कोसळलेल्या दरडी दगडात कशा बघायच्या

बे एरियातली मराठी मंडळी कार्मेलला जातात, तिथलं पॉइंट लोबोस हे किनाऱ्यावरचं राखीव उद्यानही करतात, पण तिथल्या चायना कोव्हचं हिरवं पाणी बघून, फोटो काढून परत, तिथलेच वेस्टन बीचवरचे खडक राहूनच जातात. मला तेच बघायचे होते. सह्याद्रीत काळा बेसॉल्ट बघत वाढलो, जिकडे बघावं तिकडे लाव्हाचेच थर, त्यामुळे समुद्राच्या तळावरून घसरत आलेला राडारोडा हाताने चाचपून बघण्याची मजा वेगळीच.

साधारण ६ कोटी वर्षांपूर्वी इथे पाण्याखाली खोल दरी होती, तिच्यात वरून गोटे, वाळू, चिखल कोसळत आले आणि साठले, तेच हे कार्मेलो फॉर्मेशन, म्हणजे इथल्या या खडकांच्या थरांचं नाव.

ओळखायचं कसं? आधी गोटे एकमेकांना टेकलेत की चिखलात सुटे अडकलेत ते बघा, सुटे अडकले असतील तर तो डेब्री फ्लो, म्हणजे चिखल-गोट्यांची घसरण. हा ओल्या काँक्रीटसारखा, चिखलच इतका दाट की मोठे गोटे त्यात पेलले जातात, आणि उतार कमी झाला की सगळं आहे तसं जागच्या जागी थांबतं, त्यामुळे लहान-मोठं सगळं एकत्र. टर्बिडाइट हा थर मात्र गढूळ पाण्याच्या लोंढ्यातून बसतो, वेग कमी होईल तशी जाड वाळू आधी बसते, मग बारीक, सगळ्यात वर चिखल. १९२९ मध्ये कॅनडाजवळच्या ग्रँड बँक्सच्या भूकंपानंतर अटलांटिकच्या तळावरच्या टेलिग्राफ केबल एकामागोमाग तुटल्या त्या अशाच लोंढ्याने.

वेस्टन बीचवर वाळू-चिखलाचे पातळ थर मस्त दिसतात, काही तर ओले असतानाच घसरून मुडपलेत. गोट्यांच्या जाड थरांसाठी सी लायन पॉइंटकडे जा. तिथे काही थरांत मोठे गोटे तळाला नसून वर आहेत, वाहताना गोटे एकमेकांवर आदळत राहिले की मोठे वर ढकलले जातात, मी तर त्यांच्यासमोरून हललोच नाही बराच वेळ.

जाताना टाइड टेबल बघून ओहोटीची वेळ गाठा, नाहीतर अर्धे खडक पाण्यात. शेवाळ फार निसरडं, ग्रिपवाले शूज हवेत, आणि समुद्राकडे पाठ करून बसू नका, लाट अचानक येते. पार्किंग थोडंच आहे, वीकेंडला उघडायच्या वेळेलाच पोचा. पायवाट सोडू नका, पॉयझन ओक आहे, अंगाला लागली की खाज आणणारी वनस्पती. भिंग न्या. आणि एकही गोटा उचलायचा नाही, मनाई आहे, मुलांना गाडीतच सांगून ठेवा.